झीलकऱ्यांचे संगीत : स्विंग, सी. रामचंद्र आणि खानदेशातला बँड

सी. रामचंद्रांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात एक विधान हमखास आढळते. ज्याने ‘अनारकली’ दिला त्यानेच ‘अलबेला’ही दिला, असे ते विधान. त्यातले पहिले नाव आदराने घेतलेले असते आणि दुसरे थोडी सूट देऊन. ‘अलबेला’पाशी आले की ‘उडत्या चाली’, ‘पाश्चात्त्य ढंग’, ‘तरुणांना वेड लावणारी गाणी’ असे ठरावीक शब्द येतात आणि लेखक लगबगीने ‘अनारकली’कडे वळतो. त्या पाश्चात्त्य ढंगाला एक नाव आहे, एक व्याकरण आहे, आणि ते व्याकरण ज्यांनी इथे आणले त्यांना नावे-गावे आहेत, याची दखल सहसा घेतली जात नाही. ती घेतली तर चित्रपटगीताकडे पाहण्याची आपली एक जुनी सवय बदलावी लागेल, असे मला वाटते. खानदेशातल्या वरातींच्या बँडवाल्यांना ही सवय कधीच नव्हती. म्हणून या लेखात न्यूयॉर्क आणि मुंबईबरोबर जळगाव-धुळ्याचाही विचार केला आहे.

प्रथम ते व्याकरण. १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेत ‘स्विंग’ नावाचे जॅझ संगीत लोकप्रियतेच्या शिखरावर होते आणि ते वाजवणाऱ्या मोठ्या ताफ्याला ‘बिग बँड’ म्हणत. साधारण बारा ते सतरा वादक. त्यांचे तीन गट: ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांचा एक, सॅक्सोफोन-क्लॅरिनेट या वेताच्या पट्टीने वाजणाऱ्या वाद्यांचा दुसरा, आणि पियानो, गिटार, डबल बास, ड्रम यांचा तिसरा, म्हणजे तालाचा. इतकी माणसे एकाच वेळी मनाला येईल ते वाजवू लागली तर गोंगाट होईल. तो होऊ नये म्हणून कोणीतरी आधी कागदावर सगळ्यांचे भाग लिहून द्यावे लागतात. लिहिणाऱ्याला ‘अरेंजर’ म्हणतात. आपण ‘संयोजक’ म्हणू, म्हणजे संगीतकार वेगळा आणि संयोजक वेगळा हे ध्यानात राहील. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या ताफ्यासाठी डॉन रेडमनने हे लेखन ज्या पद्धतीने केले ती पुढे सगळ्यांची पद्धत झाली. पितळी वाद्यांनी एक छोटे वाक्य टाकायचे, सॅक्सोफोनांनी त्याला उत्तर द्यायचे; एकट्या वादकाने पुढे येऊन स्वतःचे काही सांगायचे आणि त्याच्या मागे बाकीच्यांनी तेच ते छोटे वाक्य घोळवत राहायचे.

मराठी वाचकाला हे समजावण्यासाठी लांब जायला नको. पोवाड्यात, गोंधळात, लावणीत मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. खानदेशातल्या वहीगायनातही पुढे म्हणणारा आणि मागे धरणारे असा संसार असतो. झील म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. झीलकऱ्याने उचललेली ओळ मुख्य गायकाला उसंत देते, श्रोत्याला ती ओळ आपली वाटू लागते आणि पुढच्या ओळीसाठी जमीन तयार होते. बिग बँडमध्ये ‘रिफ’ नावाचे जे छोटे वाक्य असते ते हेच काम करते. कॅन्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसीच्या ताफ्याने तर या झिलीवरच सगळे घर उभे केले. ‘वन ओ’क्लॉक जंप’ (१९३७) ही त्यांची रचना ऐकावी: बारा मात्रागटांचे एक आवर्तन फिरत राहते, एकामागून एक वादक त्यावर बोलून जातात आणि शेवटी सगळा ताफा रिफांची चढती भांडणे लावतो. एकल तबलावादनात लेहरा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर आपले सांगत राहतो, त्याची आठवण यावी. फरक इतकाच की इथे लेहरा धरणारेही मधूनमधून पुढे येतात.

बेसीच्या ताफ्यातले पुष्कळसे संयोजन कागदावर नव्हतेच. वादक तालमीत किंवा प्रत्यक्ष नाचाच्या रात्री एकमेकांचे ऐकत झील जमवत आणि ती डोक्यात ठेवत. हेंडरसनचा कागद आणि बेसीचे डोके या दोन वाटा मनात ठेवाव्यात. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

दुसरी गोष्ट लयीची. चार मात्रांचा ठेका, त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झांजेची टिचकी. आपण भजनात समेवर टाळी देतो. स्विंगमध्ये पाय पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि टाळी दुसऱ्या-चौथ्यावर. शिवाय एका मात्रेचे दोन भाग केले तर ते समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. केरवा सरळ वाजवणे आणि तोच झुलवत वाजवणे यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्याला स्विंग कळायला वेळ लागत नाही. खाली डबल बास चारही मात्रांवर एकेक स्वर टाकत चालत राहतो, अगदी रमतगमत चालणाऱ्या माणसासारखा, आणि वरची मंडळी त्या चालीच्या किंचित मागे रेंगाळतात. या रेंगाळण्यात नाचणाऱ्याच्या अंगाला जागा मिळते. स्विंग हे बसून ऐकायचे संगीत नव्हते, हे विसरता कामा नये. ते नाचघरातले संगीत होते. हार्लेममधल्या सव्हॉय बॉलरूममध्ये (१९२६ पासून) दोन ताफे समोरासमोर उभे करून त्यांच्यात झुंज लावत. मे १९३७ मध्ये तिथे चिक वेबने बेनी गुडमनच्या ताफ्याला हरवले, असे मानले जाते.

गुडमनचे नाव आलेच आहे तर एक कटू गोष्टही सांगायला हवी. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या ताफ्याला जो प्रतिसाद मिळाला तिथून स्विंगयुग सुरू झाले, असे इतिहास सांगतात. त्या रात्री वाजलेली संयोजने मात्र हेंडरसनची होती. कृष्णवर्णीय हेंडरसनचा स्वतःचा ताफा आर्थिक ओढगस्तीने मोडकळीस आला होता आणि त्याने लिहिलेल्या कागदांवर गोरा गुडमन ‘स्विंगचा राजा’ झाला. गुडमन स्वतः थोर क्लॅरिनेटवादक होता, आणि टेडी विल्सन, लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना त्याने आपल्याबरोबर मंचावर आणले, हेही खरे. पण लिहिणारा मागे आणि नाव पुढच्याचे, हा प्रकार स्विंगच्या जन्मापासूनच चालत आलेला आहे. ड्यूक एलिंग्टनसारखा स्वतःच लिहिणारा आणि स्वतःच ताफा चालवणारा विरळा; आणि त्याच्याही ताफ्याचे ओळखगीत ठरलेले ‘टेक द ए ट्रेन’ बिली स्ट्रेहॉर्नने लिहिलेले आहे.

आता मुंबई. गुडमनची ती रात्र झाली त्याच वर्षी लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड इथेच रमला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात हा सगळा काळ तपशीलवार आला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या पाहुण्यांचे संगीत झपाट्याने उचलणारी माणसे मुंबईत तयार होती. ती होती गोव्याची. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. पोटासाठी ती मुले मुंबईला येत आणि हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, लष्करी बँडांत शिरत. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेला अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांपैकी एक. लुई आर्मस्ट्राँगचा परमभक्त. मुंबई त्याला ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत असे.

स्वातंत्र्यानंतर गोरे सैनिक आणि साहेब गेले, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतले नाचाचे मजले ओस पडू लागले. याच सुमाराला चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा आकार वाढत होता. गोव्याच्या वादकांनी दादर-ताडदेवच्या स्टुडिओंची वाट धरली. हिंदी चित्रपटसंगीताचा बराचसा आवाज या एका स्थलांतरातून घडला आहे. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणे. ती ऐकून गोव्याचा संयोजक प्रत्येक वाद्याचा भाग पाश्चात्त्य लिपीत लिहून काढी. सबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अनेकांकडे, आणि चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे. ग्रेगरी बूथ यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) मध्ये या मंडळींच्या मुलाखती घेऊन जे लिहिले आहे ते मराठीत कोणीतरी आणायला हवे. चाळीस-चाळीस वर्षे वाजवूनही यांची नावे तबकडीवर आली नाहीत. चित्रपटाच्या नामावलीत आलीच तर फारतर ‘सहायक’ म्हणून.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्मले पुणतांब्याला, १९१८ मध्ये. (चांगदेवाची समाधी असलेले हे गाव, खानदेशातही तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहेच, तेव्हा हा माणूस आमचा शेजारीच म्हणायचा.) शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडे, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिस्तीत. ज्याने रागाचा अभ्यास केला त्याने उडत्या चाली दिल्या, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. ग्वाल्हेरच्या बंदिशीत लयीशी खेळणे हेच तर शिकवतात.

‘अलबेला’ (१९५१) काढला भगवानदादांनी. चिक आणि त्याचे साथीदार त्यात पडद्यावरही दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन झगे घालून. त्या झग्यांवरून एक गोष्ट ध्यानात येईल. मुंबईचे हे ताफे निव्वळ स्विंग वाजवत नव्हते. रुम्बा, सांबा, फॉक्सट्रॉट, जे मागाल ते वाजवत. म्हणून ‘अलबेला’चे सगळे संगीत ‘जॅझ’ म्हणणे ढोबळ होईल. ‘शोला जो भडके’मधला बोंगोचा ठेका कॅरिबियन बेटांकडचा आहे, स्विंगचा नाही. पण त्या ठेक्यावर ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ज्या रीतीने गाण्याच्या ओळींमधल्या मोकळ्या जागा भरतात, एकमेकांचे वाक्य पुरे करतात, ती रीत बिग बँडची. ‘समाधी’ (१९५०) मधल्या ‘गोरे गोरे’चेही तेच. त्याची चाल ‘चिको चिको’ या अमेरिकन चित्रपटगीतावरून घेतली आहे हे आता सर्वश्रुत आहे. ते गाणाऱ्या दोघींपैकी लताबाईंचे आजोळ तापीकाठचे थाळनेर, शिरपूर तालुक्यातले, ही आठवण धुळेकर अभिमानाने काढतात आणि काढावी. स्विंगच्या लयीच्या सर्वांत जवळ जाणारे सी. रामचंद्रांचे गाणे मला विचाराल तर ‘आशा’ (१९५७) मधले ‘इना मीना डिका’. त्याला रॉक अँड रोल म्हणण्याची पद्धत आहे आणि काळ पाहता ते चूकही नाही. पण निरर्थक अक्षरांची फेक, तिच्यावर पितळी वाद्यांचा झडप घालून दिलेला जवाब, आणि गायकाच्या आवाजालाही एक वाद्य मानणे, हे सगळे नाचघरातल्या ताफ्याचे आहे. अशी अक्षरफेक त्यांनी ‘शिनशिनाकी बूबला बू’मध्ये (१९५२) आधीच करून पाहिली होती.

हे संगीत चित्रपटगीतात इतके सहज कसे बसले? एक कारण अगदी साधे आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटेच मावत. बेसी, एलिंग्टन त्याच तीन मिनिटांत विचार करायला शिकले होते, आणि हिंदी गाणेही त्याच तबकडीवर विकले जाणार होते. दुसरे कारण गाण्याच्या बांधणीत आहे. मुखडा, मग मधले संगीत, अंतरा, पुन्हा मधले संगीत. चाल संगीतकाराची, मधल्या संगीतात संयोजकाचे राज्य. स्विंग तिथे येऊन राहिला.

आणि इथेच आपल्या समीक्षेचा कान कमी पडला. मराठी रसिकतेत गाणे म्हणजे शब्द आणि चाल. नाट्यसंगीत, भावगीत या दोन्ही परंपरांनी आपल्याला हेच शिकवले: कवी कोण, चाल कोणाची, गायले कोणी. तीन नावे झाली की गाणे संपले. त्यामुळे पाश्चात्त्य प्रभावाची चर्चा ‘ही चाल कुठून उचलली’ या एकाच प्रश्नापाशी घोटाळत राहिली. ‘गोरे गोरे’ची चाल उचललेली आहे, मान्य, पण ‘शोला जो भडके’ कुठून उचलले, हा प्रश्न विचारून हाती काय लागणार? तिथे आलेली गोष्ट चाल नव्हतीच. ती होती पंधरा-वीस माणसांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत. तिला चोरी म्हणता येत नाही, जसे कोणी सॉनेट लिहिले म्हणून त्याला चोर म्हणत नाहीत. केशवसुतांनी इंग्रजीतून ‘सुनीत’ आणले तर आपण त्याला काव्यक्रांती म्हटले, आणि चिक चॉकलेटने ताफ्याची रचना आणली तर धांगडधिंगा. यात संगीताचा विवेक किती आणि हॉटेलात वाजवणाऱ्यांविषयीचा आकस किती, हे तपासायला हवे. १९५२ नंतर माहिती आणि नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा शास्त्रीय संगीताचा कैवार घेणाऱ्या अनेकांना ते योग्यच वाटले. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. अशोक दा. रानडे यांनी हिंदी चित्रपटगीतावर स्वतंत्र ग्रंथ (२००६) लिहून त्याला गंभीर अभ्यासविषयाचा दर्जा दिला, पण ते झाले फार उशिरा.

खानदेशात हे संगीत कानावर पडले ते दोन-तीन वाटांनी. भुसावळ हे मोठे जंक्शन; रेल्वेच्या अशा वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबे असत आणि त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाच चालत. पण तो संसार कुंपणाआडचा होता. कापसाच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्याला किंवा केळीच्या बागाइतदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. खरी वाट होती तंबूतल्या सिनेमाची. सारंगखेड्याची यात्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा. यात्रा म्हटली की तंबू आला. तंबूत पाहिलेले गाणे दुसऱ्या दिवशी वरातीत वाजायला हवे, ही मागणी लगोलग येई. बँडमास्तरला गाणे बसवावे लागे, तेही नुसत्या कानाने.

इथे मला जे दिसते ते असे. खानदेशातल्या जुन्या पद्धतीच्या बँडमध्ये मास्तर क्लॅरिनेटवर किंवा ट्रम्पेटवर गाण्याची ओळ, म्हणजे गायकाचा भाग, एकटा वाजवतो. ओळ संपली की मधल्या ‘पीस’वर सगळा ताफा तुटून पडतो: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, खाली युफोनियम, आणि ढोल-ताशाचा कडकडाट. पुन्हा मास्तर एकटा. म्हणजे समीक्षक ज्या भागाला भरताड समजून सोडून देत होते तोच भाग बँडवाल्याला सर्वांत जपून बसवावा लागे, कारण वीस माणसांची मजुरी त्या भागात होती. ‘पीस’ चुकला की नाचणारे थांबतात. चाल थोडी इकडेतिकडे झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बूथ यांनी आपल्या ‘ब्रास बाजा’ (२००५) या पुस्तकात उत्तरेकडच्या लग्नबँडांविषयी हीच विभागणी नोंदवली आहे. वर दोन वाटा सांगितल्या, त्यांचा फेरा इथे पुरा होतो. कॅन्सस सिटीत जी झील डोक्यात होती ती गोव्याच्या संयोजकाने मुंबईत कागदावर आणली, आणि जळगाव-धुळ्याच्या वादकाने तो कागद कधीही न पाहता ती पुन्हा डोक्यात घेतली. दोन वराती एका चौकात समोरासमोर आल्या म्हणजे जे होते ते सव्हॉय बॉलरूममध्ये होत होते त्याहून फार वेगळे नाही. निकाल देणारे फक्त दोन्हीकडचे वऱ्हाडी.

नाचाचेही असेच. भगवानदादांचा नाच हा पायांचा कमी आणि हातांचा, खांद्यांचा जास्त. न शिकलेल्याला जमेल असा. वरातीत पन्नाशीचा मामा जे हातवारे करतो त्यांची वंशावळ शोधली तर ती ‘अलबेला’पर्यंत जाते. लयीच्या किंचित मागे राहण्याची जी गोष्ट वर सांगितली ती भगवानदादांच्या अंगात पुरेपूर होती. इतका जाडजूड माणूस इतका सैल कसा नाचतो याचे उत्तर त्या रेंगाळण्यात आहे.

बिग बँड मोडले ते रसिकांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे. महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर मिळेनासे झाल्याने दौरे थांबले, ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, १९४४ मध्ये नाचघरांवर तीस टक्के कर बसला. पंधरा माणसांना रोज पगार देणे परवडेना. पाच जणांचे ताफे आले. खानदेशात हाच हिशेब पन्नास वर्षांनी झाला. वीस जणांच्या बँडऐवजी एका गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेंजो आणि भिंतीएवढे कर्णे. त्या गाड्यांवर वाजणारी अहिराणी गाणी मला आवडतात. आदिवासींच्या पावरीच्या चाली कीबोर्डवर ज्या झपाट्याने वाजतात त्यात जिवंतपणा आहे, आणि त्या संगीतावर वेगळा लेख लिहिला पाहिजे. कानबाईच्या विसर्जनाला हल्ली तेच असते.

बँड मात्र पूर्ण गेलेले नाहीत. लग्नसराईत जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांत अजून क्लॅरिनेट ऐकू येते. पण ताफा दहा-बारांवर आला आहे, आणि सर्वांत आधी कमी झाले ते युफोनियमवाले. मास्तर गाण्याची ओळ पूर्वीसारखीच वाजवतो. मधल्या ‘पीस’ला उत्तर द्यायला दोन ट्रम्पेट उरतात, आणि ती दोघे एकच स्वर वाजवतात.